पुडी

गुटख्याची किंवा पानमसाल्याची पुडी फाडायला एकच हात पुरतो. कोपरा दातात धरायचा, एक हिसका द्यायचा, मान जरा मागे टाकायची आणि पुडीच्या पाठीवर बोटानं टिचकी मारायची. दोन-अडीच ग्रॅमचा ऐवज थेट गालात. बोटं कोरडी राहतात, स्टिअरिंग सुटत नाही, गवंड्याला हातातली थापी खाली ठेवावी लागत नाही. रिकामी पुडी वाऱ्यावर. सगळा मामला तीन सेकंदांचा.

हे तीन सेकंद समजून घ्यायचे तर आधीची पद्धत आठवून बघायला हवी. चंची उघडायची म्हणजे मांडी घालून बसायचं. पान पुसायचं, शिरा खुडायच्या, अडकित्त्यानं सुपारी कातरायची, कात, चुना, वर तंबाखूची चिमूट. शेतावर किंवा गिरणीत एवढा वेळ नसायचा, तिथे दोन तोंडांची डबी चालायची. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. तळहातावर चिमूट घ्यायची, नखानं चुना लावायचा, अंगठ्यानं मळायचं, दोन टाळ्या देऊन धूळ उडवायची आणि ओठाखाली बार भरायचा. दीड-दोन मिनिटं जायची आणि दोन्ही हात गुंतायचे. शिवाय त्यात देवघेव होती. 'चुना असेल तर द्या जरा' असं एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला कुणीही म्हणायचं. तंबाखू मागायला आपल्याकडे कधी लाज नव्हती.

पुडीनं बसणं, मळणं आणि मागणं ही तिन्ही कामं काढून टाकली. गुटखा आणि पानमसाला विकणारे सुपारी विकतात, तंबाखू विकतात, असं आपण म्हणतो. पण सुपारी आणि तंबाखू पूर्वीही होतीच. नवीन आली ती पुडी. या धंद्याचं अर्थशास्त्र, जाहिरात, करचुकवेगिरी, बंदी आणि बंदीतून काढलेली पळवाट हे सगळं दोन बोटांत मावणाऱ्या त्या चौकोनाभोवती फिरतं.

कानपूरच्या कोठारींनी १९७३ साली पान पराग बाजारात आणला. डब्यातला माल म्हणजे दिवाणखान्यातला माल. पाहुण्यापुढे डबा सरकवायचा, चमच्यानं द्यायचं. अशोककुमार आणि शम्मी कपूर यांची ती गाजलेली जाहिरातसुद्धा लग्नाची आणि वऱ्हाडाच्या पाहुणचाराची होती. ऐंशीच्या दशकात तोच माल पुडीत शिरला आणि डबा परवडत नसलेला माणूस गिऱ्हाईक झाला. महिन्याचा डबा घ्यायला एकरकमी पैसे लागतात. पुडीला खिशातलं नाणं पुरतं. शाम्पूच्या सॅशेनं खेडं कसं काबीज केलं याचे धडे मॅनेजमेंटच्या वर्गात कौतुकानं शिकवतात. पानमसाल्याची पुडी त्याच शाळेतली, पण तिला कुणी फळ्यावर लिहीत नाही.

आता पुडीत काय असतं ते बघू. वजनानं बहुतेक सुपारीच. कर्नाटकातल्या शिवमोग्गा आणि दक्षिण कन्नडकडची, किंवा चोरवाटेनं आलेली परदेशी. सुपारीच्या आयातीवर १०० टक्के शुल्क आहे आणि फेब्रुवारी २०२३ पासून किलोला ३५१ रुपयांच्या खाली आयात करता येत नाही. म्हणून स्वस्त परदेशी सुपारी म्यानमारच्या बाजूनं किंवा खोट्या कागदांवर येते. नागपूरच्या बाजारात सडक्या सुपारीची प्रकरणं कोर्टापर्यंत गेली ती त्यातूनच. बुरशी धरलेली सुपारी गंधकाच्या धुरात ठेवली की रंग उजळतो, कीड मरते आणि कातरून सुगंधी मालात मिसळली की ओळखणार कोण? श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची चव घेणारा माणूस सुपारी फोडून आतलं पांढरं बघतो. पुडीच्या गिऱ्हाइकाला आतलं काही दिसत नाही, त्यामुळे चांगल्या सुपारीला पुडीत वेगळा भाव मिळायचं कारणच उरत नाही.

सुपारीनंतर कात. कोकणातल्या खैराचा कात महाग, म्हणून गँबियर नावाचा परदेशी पर्याय खपतो. मग चुना, वेलची, मेंथॉल आणि अत्तर. पानमसाला इथे संपतो, गुटख्यात वर तंबाखूही असते. या यादीतला चुना सगळ्यात स्वस्त, आणि काम मात्र सगळ्यात मोठं त्याचंच. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात शिरायला मोकळ्या रूपात असावं लागतं. पीएच म्हणजे पदार्थ किती आम्ल, किती अल्कली याचं माप. सात पीएचला जेमतेम नऊ-दहा टक्के निकोटिन मोकळं असतं, आठला निम्मं, नऊला नव्वद टक्के. नखभर चुन्यानं हा आकडा वर चढतो. तळहातावर मळणाऱ्या आजोबांना पीएच ठाऊक नव्हता, पण बिनचुन्याचा बार 'लागत नाही' हे पक्कं ठाऊक होतं. कारखान्यात तेच प्रमाण ठरवून दिलेलं असतं, म्हणून पुडी दरवेळी तेवढीच लागते. आजोबांच्या हाताला ही खात्री नव्हती.

पैशात मोडून बघू. पुडी दोन ग्रॅमची, त्यात ऐंशी टक्के सुपारी आणि सुपारीचा भाव किलोला ४०० रुपये धरला, तर सुपारी झाली चौसष्ट पैशांची. एप्रिल २०२३ पासून जानेवारी २०२६ पर्यंत पानमसाल्यावर किरकोळ किमतीच्या ०.३२ पट भरपाई सेस होता, म्हणजे जीएसटीमुळे राज्यांना येणारी तूट भरून काढण्यासाठीचा जादा कर. म्हणजे पाच रुपयांच्या पुडीवर एक रुपया साठ पैसे, सुपारीच्या अडीच पट. जीएसटी त्याहून वेगळा. त्याआधी सेस ६० टक्के होता, पण तो कारखान्याच्या बिलावर. बिल कमी दाखवलं की सेसही कमी, म्हणून सरकारनं बिलाचा नाद सोडला आणि छापील किंमत धरली. या धंद्यात एका पुडीत जेवढ्या पैशांचा माल असतो त्याच्या कितीतरी पट कर असतो. त्यामुळे कर चुकवणारा आणि भरणारा यांच्यात स्पर्धाच उरत नाही. चुकवणाऱ्याचा नफा थेट त्या एक रुपया साठ पैशांतून निघतो.

तंबाखूच्या बाजूलाही अशा गमती होत्या. चघळायच्या तंबाखूच्या पाकिटात चुन्याची नळी नसेल तर भरपाई सेस १६० टक्के, असेल तर १४२. नुसत्या नळीनं अठरा टक्क्यांचा फरक. दरपत्रक वाचताना वाटतं, लिहिणाऱ्यालाही कुणीतरी चुनाच लावला असावा.

पुडी भरणारं यंत्र बघण्यासारखं असतं. छापील लॅमिनेटचा रोल वरून सुटतो, कॉलरवरून वळतो आणि नळीभोवती गुंडाळला जातो. गरम जबडा उभी शिवण चिकटवतो, खाली आडवी शिवण बसते, मापाच्या वाटीतून माल पडतो, पुन्हा आडवी शिवण. पुड्या सुट्या कापत नाहीत, मधे टोचे मारून माळ ठेवतात. बिघाड होतो तो नेहमीच्याच ठिकाणी. कातरण जाड निघालं तर वाटी पोकळ भरते आणि वजन कमी पडतं. भुकटी शिवणीत अडकली तर पुडी फुसकी होते, आठवड्यात अत्तर उडतं आणि टपरीवाला माळ परत करतो. पावसाळ्यात चुना आणि कात दमट होऊन माल गोळा धरतो, वाटीतून सुटतच नाही. माल मोकळा राहावा म्हणून मॅग्नेशियम कार्बोनेट घालायची युक्ती इथली. पानमसाल्याच्या नमुन्यांत ते सापडलं आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला २०१२ मध्ये बिनतंबाखूच्या पानमसाल्यावरही हात टाकता आला. गोळा धरू नये म्हणून घातलेली पूड शेवटी घशात अडकली ती अशी.

वेष्टणावरही कायद्यानं घाव घातला होता. फेब्रुवारी २०११च्या नियमांनी गुटखा, तंबाखू आणि पानमसाल्याला प्लॅस्टिकची पुडी बंद केली. कारखाने कागद आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर गेले. पण कागद आणि पत्रा एकमेकांना चिकटवायला आणि शिवण बसवायला काहीतरी लागतंच, आणि ते काहीतरी पॉलिमरच असतं. म्हणून २०१६च्या नियमांत 'व्हिनाइल ॲसिटेट – मॅलेइक ॲसिड – व्हिनाइल क्लोराइड कोपॉलिमर' असं पूर्ण नाव घेऊन बंदी लिहावी लागली. कायद्याला एका डिंकाचं आडनावासकट नाव घ्यावं लागलं, यावरून पाठलाग किती जवळून चालला होता ते कळतं.

किमतीचं गणित नाण्यांनी ठरतं. पन्नास पैसे, रुपया, दोन, पाच, दहा. मधल्या पायऱ्या नाहीत. कर वाढला म्हणून पाचची पुडी पाच रुपये चाळीस पैशांना विकता येत नाही, कारण सुटे पैसे नसतात आणि गिऱ्हाईक थांबायला तयार नसतं. मग वजन उतरतं. दोन ग्रॅमचे एक पूर्णांक आठ होतात, पुडीचा आकार तोच, आत हवा जास्त. ते अंगावर आलं की एकदम दहाची पुडी निघते, थोडी जाड, नाव तेच, रंग जरा गडद. आणखी एक सवलत होती. दहा ग्रॅमपर्यंतच्या पाकिटावर किरकोळ किंमत छापायची सक्ती नव्हती. अख्खा धंदा दहा ग्रॅमच्या आतला, म्हणजे कर किमतीवर आणि किंमत छापायची गरज नाही असा कारभार. पानमसाल्यापुरती ती सवलत १ फेब्रुवारी २०२६ पासून काढली.

त्याच तारखेपासून भरपाई सेस गेला, जीएसटी ४० टक्के झाला आणि वर यंत्रावर सेस बसला. किती पुड्या निघाल्या ते विचारायचंच नाही, यंत्र किती वेगाचं ते बघायचं. ही कल्पना नवीन नाही. २००८ साली अबकारीत हेच आलं होतं. तेव्हाचा अनुभव असा, की कर यंत्रामागे ठरीव आहे म्हटल्यावर मालकांनी जास्त वेगाची यंत्रं आणली आणि तीन पाळ्या लावल्या. शेवटी २०१५ मध्ये मिनिटाला ३०० पुड्या, ७५० पुड्या, त्याहून जास्त असे वेगाचे टप्पे पाडावे लागले. सलग पंधरा दिवस यंत्र बंद राहिलं तर सूट होती. अधिकाऱ्यानं सील लावायचं आणि पंधरा दिवसांनी काढायचं. सीलबंद यंत्राच्या शेजारच्या खोलीत काय चालायचं, ते ज्याचं त्याला माहीत.

नव्या तक्त्यात मिनिटाला ५०० पर्यंत पुड्या भरणाऱ्या यंत्राला, पुडी अडीच ग्रॅमपर्यंतची असेल तर, महिन्याला १ कोटी १ लाख रुपये सेस आहे. पुडी अडीच ग्रॅमच्या वर गेली की ३ कोटी ६४ लाख. आता हिशेब करा. यंत्र दिवसाला आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस चाललं तर ६० लाख पुड्या निघतात आणि पुडीमागे एक रुपया अडुसष्ट पैसे पडतात. तेच यंत्र रात्रंदिवस तीस दिवस चालवलं तर दोन कोटी सोळा लाख पुड्या, आणि पुडीमागे सत्तेचाळीस पैसे. जितका जास्त खपवाल तितका कर हलका. तिजोरीच्या दृष्टीनं यात चूक नाही, वसुली सोपी होते. पण खप कमी व्हावा म्हणून लावलेला कर असं याला म्हणवत नाही. आणि अडीच ग्रॅमची रेघ आखल्यावर पुड्या दोन पूर्णांक चार ग्रॅमच्याच निघणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

जाहिरातीकडे वळू. पुडीची सगळ्यात जुनी जाहिरात म्हणजे माळ. टपरीच्या दर्शनी बाजूला वीस-पंचवीस माळा लोंबत्या ठेवल्या की आतला माणूस जेमतेम दिसतो, दिसतो तो रंगांचा पडदा. ही जागा कंपनीला जवळजवळ फुकट मिळते. तंबाखूविरोधी कायदा २००३ साली आला आणि जाहिरात बंद झाली. दुकानावर साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरचा फलक तेवढा राहिला, त्यावरही छाप नको, धोक्याची सूचना आणि कुठली तंबाखू मिळते एवढंच. माळेला मात्र फलक म्हणत नाहीत, ती तर विक्रीचा माल.

३१ मे २००९ पासून पाकिटावर चित्र आलं. धूरविरहित तंबाखूसाठी विंचवाचं चित्र निवडलं होतं. दिल्लीत बसून विंचू भीतिदायक वाटला असेल. इकडे तंबाखूची पुडी मागायची रीतच अशी आहे, की गाय छाप द्या, अमुक छाप द्या. ज्या मुलखात मालाची ओळख प्राण्याच्या चित्रावरून होते, तिथे विंचवाकडे बघून 'ही कुठली नवीन छाप' असंच मनात येणार. पुढे सडलेल्या गालाची चित्रं आली आणि १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर पसरली. ती मात्र कुणाला छाप वाटली नाहीत.

पानमसाल्यात तंबाखू नाही, म्हणून तो तंबाखू कायद्यात येत नाही, अन्नात येतो. नाव तेच ठेवून वेलची बाजारात आणली की जाहिरातीला पुन्हा वाट मोकळी. त्याआधी, २००० सालच्या आसपास, फिल्मफेअर पुरस्कारांच्या नावाआधी 'माणिकचंद' हे गुटख्याचं नाव लागायचं आणि ते कुणाला खटकत नसे. आता चांदीचा वर्ख लावलेल्या वेलचीच्या दाण्यासाठी मोठमोठे नट पडद्यावर येतात. अमिताभ बच्चन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा एका करारातून अंग काढून घेतलं. अक्षय कुमार यांनी एप्रिल २०२२ मध्ये माफी मागितली. जून २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं आडून केलेल्या जाहिरातींवर नियम काढले. जाहिरात क्षेत्राची स्वतःची संस्था म्हणते, की वेलचीवरचा जाहिरात खर्च वेलचीच्या उलाढालीला शोभेल एवढाच हवा. एवढी वेलची नेमकी खातं कोण, हा प्रश्न तरीही राहतो. मराठीत थाप मारण्याला 'पुडी सोडणं' म्हणतात, ते इथे शब्दशः लागू पडतं.

पाच-दहा रुपयांच्या मालाला एवढ्या महागड्या चेहऱ्याची गरज का पडावी? एक तर पुड्यांमध्ये फरक असतो तो अत्तराचा आणि नावाचा, बाकी सुपारी-कात-चुना सारखाच. दुसरं कारण महाराष्ट्रापुरतं जास्त खरं आहे. इथे पानमसाला विकायला बंदी आहे, पण टीव्ही निपाणीच्या वेशीवर बंद पडत नाही. बंदी असलेल्या बाजारात नकली माल सुळसुळतो आणि गिऱ्हाईक ओळखीच्या नावाला घट्ट धरतं. कंपनीला इथे ना गोदाम लागतं, ना विक्रेता नेमावा लागतो. जाहिरात आकाशातून येते आणि माल दुसरे कुणीतरी आणतात.

बंदीचा इतिहास लांब आहे, थोडक्यात सांगता येतो. महाराष्ट्रानं १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी गुटखा बंद केला. गोदावत पानमसाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये ती बंदी मोडीत काढली, राज्याच्या अन्न अधिकाऱ्याला तो अधिकार नाही म्हणून. मग २००६चा अन्न सुरक्षा कायदा आला आणि त्याखालच्या २०११च्या नियमानं सांगितलं, की कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालायचं नाही. गुटखा अन्न ठरला आणि अन्न ठरला म्हणूनच बंद करता आला. जुलै २०१२ पासून महाराष्ट्रात बंदी आहे. कलम ३०(२)(अ) खाली अशी बंदी एका वेळी एक वर्षाचीच घालता येते, म्हणून दर वर्षी जुलैच्या सुमारास नवी अधिसूचना काढावी लागते.

इतर राज्यांत गुटख्याची पुडी फाडून दोन पुड्या केल्या. एकीत पानमसाला, दुसरीत त्याच छापेचा जर्दा, दुकानदार दोन्ही एकदम हातावर ठेवतो. मिसळण्याचं काम पुन्हा गिऱ्हाइकाच्या तळहातावर आलं. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१६ मध्ये यावरही बोट ठेवलं, तरी जोडी चालूच आहे. महाराष्ट्रात पानमसाला, सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारी असं सगळंच बंद, साधी तंबाखू तेवढी चालू. म्हणजे आपल्याकडे गुन्हा ठरतो तो 'सुगंधित' या शब्दावर. माल येतो तो कागल, पालघर, धुळ्याकडचं पळासनेर, जळगावकडचं रावेर अशा सरहद्दींवरून. पकडला तर पूर्वी विषप्रयोगाचं कलम ३२८ लावत. अन्न कायद्याबरोबर भारतीय दंड विधानही लावता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात सांगितलं होतं. धोक्याची किंमत पुडीवर चढते आणि छापील किमतीला अर्थ राहत नाही. दिवसाला सहा पुड्या, पुडी दहाची धरली, तरी महिन्याला अठराशे रुपये. रोजंदारीवरच्या माणसाच्या घरात एवढ्याचा किराणा येतो.

२०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि तोंडातली तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. बंदीला तोवर चार वर्षं झाली होती. या आकड्यात मशेरीवाल्या बायाही आल्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची आणि सकाळी दाताला लावायची. दातांच्या पावडरीत आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून मनाई आहे, पण घरच्या तव्याला परवाना लागत नाही. तंबाखूमुळे होणाऱ्या आजारांचा आणि मृत्यूंचा देशाचा २०१७-१८ चा हिशेब १ लाख ७७ हजार ३४१ कोटी रुपये निघाला होता, त्यातला २६ टक्के वाटा धूरविरहित तंबाखूचा.

आणि मग खर्रा. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात जो मावा, त्याचा विदर्भातला थोरला भाऊ. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे गुटख्याच्या कारखान्याचं काम टपरीनं स्वतःकडे घेतलंय. सुपारीचं बारीक कातरण घ्यायचं, त्यावर तंबाखू, त्यावर ओल्या चुन्याचे थेंब. हे सगळं जाड प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळून फळीवर तळहातानं दाबून घोटायचं. पाच-सात मिनिटं घोटलं की सुपारी चुना आणि तंबाखूचा अर्क पिते, गरम होते, रंग काळपट तपकिरी होतो. कमी घोटला तर चुना एका जागी राहतो आणि गाल सोलून निघतो. चुना कमी पडला तर 'लागत नाही' म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्या टपरीवर जातं. सुपारी जुनी असेल तर कितीही घोटा, खवट वास जात नाही. हातानं घोटून खांदे भरून यायचे म्हणून आता बऱ्याच ठिकाणी मोटरवरची यंत्रं आहेत, टपरीच्या मागच्या बाजूला घरघरत असतात.

अर्थशास्त्राच्या नजरेनं बघितलं तर खर्रा हा पुडीचा सुधारलेला अवतार आहे. माल रोजच्या रोज बनतो, त्यामुळे पकडला जाईल असा साठा जवळजवळ नसतो. यंत्रावरचा सेस नाही, जीएसटी नाही, अडीच ग्रॅमची रेघ नाही. प्लॅस्टिक बंदीचा नियम पाकिटबंद मालासाठी लिहिलेला, पन्नीला तो कोण लावणार? भाव टपरीवाला ठरवतो आणि सुपारी महागली तर पन्नीतला माल चिमूटभर कमी करतो. जाहिरात लागत नाही, कारण नाव माणसाचं चालतं. अमक्या चौकातल्या अमक्याच्या हातचा खर्रा, एवढीच छाप. त्या हातावर लोक तीन चौक ओलांडून जातात. आणि जी देवघेव पुडीनं मोडली होती, तीही परत आलीय. एक खर्रा तिघांत फिरतो, पन्नी उघडून पुढे करायची, चिमूट घ्यायची, पुन्हा पीळ देऊन खिशात. नवा गडी पहिली चिमूट विकत घेत नाही, त्याला ती मिळते.

बंदीच्या अधिसूचनेत गुटख्याबरोबर खर्रा आणि मावा ही नावंही आहेत. धाड पडली की रबर लावलेल्या पन्न्या सापडतात, फार तर किलोभर सुपारी, एक डबा तंबाखू, चुन्याची वाटी आणि घोटायची फळी. पंचनाम्यात लिहायला कंपनी नसते, छापील किंमत नसते, बॅच क्रमांक नसतो. फळी जप्त होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराकडून नवी फळी येते आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत पहिला घाणा घोटून तयार असतो.